देवाची वेळ आणि डॉक्टरांची तारीख

पत्राचा सारांश: मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, आता पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीचं हे पत्र आहे. वय ३६, पती ३९, लग्नाला नऊ वर्षं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा होण्याआधीच गर्भपात झाला. त्यानंतरची तीन वर्षं नुसती वाट पाहण्यात गेली. दीड वर्षापूर्वी एका संजीवन सभेत बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पुढच्या वर्षी याच वेळी तुझ्या मांडीवर मुलगा असेल.’ त्या शब्दावर विसंबून दोघांनी आयव्हीएफ केलं, पण ते फसलं. सांगितलेली वेळ उलटून आता सहा महिने झाले. दुसऱ्यांदा आयव्हीएफ करणं म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाच्या बायकोसारखी, सारेसारखी घाई करून (तिच्या दासीला झालेला) ‘इश्माएल’ जन्माला घालणं, असं पाळकसाहेबांचं मत आहे. सासूबाई दर शुक्रवारी त्यांना उपास करायला लावतात. पती ‘प्रभूच्या वेळेवर भरवसा ठेव’ एवढंच म्हणतात. त्या विचारतात: मी विश्वासात कमी पडले का? थांबू की पुढे जाऊ? आणि आता प्रार्थनाच करवत नाही, त्याचं काय करू?

प्रिय ताई,

शेवटी तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला पत्राच्या मधलं एक वाक्य जास्त टोचलं. ‘भाऊंनी (म्हणजे त्या वक्त्यांनी) सांगितलेली वेळ टळली, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार.’ आधी याच्याबद्दल बोलू. हे मनात असेतोवर डॉक्टर काय सांगतात आणि पाळकसाहेब काय सांगतात, दोन्ही तुम्हाला दोषारोपासारखंच ऐकू येत राहील.

‘पुढच्या वर्षी याच वेळी’ हे शब्द त्या वक्त्यांचे नाहीत. ते अलीशा संदेष्ट्याचे आहेत, बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातले. शूनेमच्या बाईला त्यानं हे सांगितलं, तेव्हा ती आनंदानं नाचली नाही. आपल्याला खोटी आशा लावू नका, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं. पुढे तिला मुलगा झाला आणि तोच मुलगा एक दिवस शेतात डोकं दुखून आईच्या मांडीवर गेला. तेव्हा ही बाई गाढवावर खोगीर घालायला सांगून थेट कर्मेल डोंगरावर गेली आणि अलीशाचे पाय धरून म्हणाली, मी पुत्र मागितला होता का? मला फसवू नका असं म्हणाले नव्हते का? तिनं स्वतःचा विश्वास तपासत बसण्याऐवजी शब्द देणाऱ्याला जाब विचारला. आणि अलीशा उठून तिच्यामागे गेला. संजीवन सभांमध्ये या अध्यायाचं सोळावं वचन फार ऐकू येतं. अठ्ठाविसावं कुणी वाचत नाही.

भविष्य खरं ठरलं नाही तर काय समजायचं, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात स्पष्ट लिहिलंय. प्रभूच्या नावानं सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती प्रभूनं सांगितलेली नव्हती. त्या संदेष्ट्याची भीती बाळगू नये. ऐकणारीचा विश्वास कमी पडला म्हणून वचन हुकलं, अशी पळवाट तिथे ठेवलेली नाही. मी इथे थोडी चिडून लिहितेय हे मला कळतंय. पण परगावहून यायचं, एका दुखऱ्या बाईला तारीख द्यायची, अर्पण घेऊन निघून जायचं आणि तारीख टळली की दोष तिच्या पदरात, हा प्रकार मी इतक्या पत्रांत वाचलाय की याबद्दल सौम्य राहणं मला जमत नाही.

तुमच्या घरी भिंतीवर जे वचन लावलंय असं तुम्ही लिहिलंत, ते यिर्मया २९:११. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो.’ आपल्याकडे हे नसलेलं घर शोधावं लागेल. कॅलेंडरवर मात्र हे एकटंच छापतात. त्याच्या आधीचं दहावं वचन सांगतं की हे सत्तर वर्षांनी होईल. नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेल्या पत्रातला हा मजकूर आहे. त्या पत्राचं पहिलं वाचन ज्यांनी ऐकलं, त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा दिवस पाहिलाच नसणार. आणि अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा आहे. तो म्हणत होता, दोनच वर्षांत सगळं परत मिळेल. साहजिकच लोकांना हनन्या आवडत असणार. जवळची तारीख देणारा माणूस आवडतोच. तो खोटा ठरला.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं मला यिर्मयाच्या या पत्रात जे दिसतं, ते पाचव्या ते सातव्या वचनात आहे. सत्तर वर्षं वाट पाहायची आहे, म्हणून यिर्मया काय करायला सांगतो? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात अडकलात त्याच्या भल्यासाठी झटा. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवलेल्या माणसाची दिनचर्या ही अशी, कामांनी भरलेली. याकोबाच्या पत्रात वाट पाहण्याचा जो दाखला आहे तोही शेतकऱ्याचा. तुमच्या माहेरच्या भागात वेगळं सांगायला नको. पाऊस त्याच्या हातात नाही, पण रान नांगरून, बियाणं घरात आणून मगच तो आभाळाकडे बघतो. नांगरलं म्हणून त्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही.

आता इश्माएलबद्दल. अब्राहाम आणि सारेनं घाई केली, हे खरं. पण त्यांनी केलं काय? घरातल्या हागार नावाच्या मिसरी दासीचं शरीर वापरलं, तिला विचारलंही नाही, आणि ती गरोदर झाल्यावर तिला इतकं छळलं की ती रानात पळून गेली. नवरा-बायकोनं डॉक्टरकडे जाऊन उपचार घेणं यात बसतं कुठे? शिवाय त्या रानात प्रभूचा दूत हागारेला शोधत आला, आणि ‘पाहणारा देव’ हे नाव देवाला तिनं दिलं, सारेनं नव्हे. जन्मलेल्या कुठल्याही लेकराला चूक म्हणण्यासाठी हा अध्याय वापरू नये. आणि सारेला नव्वदीत मूल झालं हे तुम्हाला ऐकवणाऱ्यांना एवढंच सांगा की ते लिहून ठेवलं गेलं, कारण तसं होत नसतं.

पापाबद्दलही एक ओळ. लूक त्याच्या शुभवर्तमानात जखऱ्या आणि अलीशिबे या जोडप्याची ओळख करून देताना आधी सांगतो की ती दोघं देवाच्या दृष्टीनं नीतिमान आणि निर्दोष होती, आणि पुढच्याच वचनात सांगतो की त्यांना मूल नव्हतं. तुम्ही लग्नाआधीची म्हणून जी गोष्ट लिहिलीत, तिचा या सगळ्याशी संबंध नाही. ती मी इथे छापणार नाही आणि तुम्हीही पुन्हा उगाळू नका.

शरीराचं आता स्पष्ट लिहिते, कारण ते कुणी स्पष्ट बोलत नाही असं दिसतंय. पहिल्या तीन महिन्यांतले बहुसंख्य गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषानं होतात. बादली उचलल्यानं, एसटीच्या प्रवासानं, रडल्यानं किंवा प्रार्थना चुकवल्यानं होत नाहीत. दोन गर्भपात झाले असतील तर कारण शोधायला हवं. थायरॉईड, साखर, रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, गर्भाशयाचा आकार आणि गरज वाटल्यास दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी. यातलं काय झालंय हे पत्रावरून कळत नाही. अँटिबॉडी सापडल्या तर त्यावर उपचार आहेत. त्याकडे न बघता आणखी एक आयव्हीएफ करणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही पणाला लावणं. कारण सापडलं नाही तरी हताश होऊ नका. अशा बहुतेक जोडप्यांचं पुढचं गर्भारपण टिकण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा: माझी अडचण दिवस राहण्यात आहे की टिकण्यात? मागच्या वेळी किती स्त्रीबीजं मिळाली, किती गर्भ तयार झाले, त्यांची प्रत काय होती, गोठवून ठेवलेले काही आहेत का? उत्तरं लेखी घ्या, फाईलची प्रत घ्या, आणि दुसऱ्या ठिकाणी दाखवा. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा केंद्राची नोंदणी असावी लागते, आणि यशाची शक्यता किती हे जोडप्याला समजावून सांगणं त्यांना बंधनकारक आहे. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्या दवाखान्यातून उठून या. ते त्या वक्त्यांचेच भाऊ.

पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्यानं उतरतात. म्हणून या वयात सहा महिने प्रयत्न करून यश आलं नाही तरी तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात. तुमच्या बाबतीत ‘आणखी एक-दोन वर्षं प्रभूवर सोपवू’ हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत आहे. तो घ्यायचा तर डोळे उघडे ठेवून घ्या.

गर्भ किती तयार करायचे आणि उरलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या सदसद्विवेकाचा आहे. तो सुरुवातीलाच डॉक्टरांपुढे मांडा. कमी गर्भ तयार करा असं सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वसई-गोव्याकडच्या ज्या कॅथलिक भगिनी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या चर्चला आयव्हीएफ मान्य नाही आणि १९८७ सालीच ती भूमिका लेखी मांडली गेली आहे. पण वर लिहिलेल्या तपासण्या आणि त्यांतून निघणारे बहुतेक उपचार त्यांनाही घेता येतात. आयव्हीएफ नको म्हणजे दवाखानाच नको, असा अर्थ काढू नका.

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांची वीर्यतपासणी चार वर्षांपूर्वी एकदा झाली आणि ‘नॉर्मल’ आली, एवढंच तुम्ही लिहिलंय. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं तरी असतं किंवा जोडीला तरी असतं, आणि चार वर्षं जुना कागद आज उपयोगाचा नाही. ती तपासणी पुन्हा व्हायला हवी. त्यांना ते जड जाईल. ‘प्रभूच्या वेळेवर भरवसा ठेव’ हे वाक्य कधीकधी पुरुष भीती झाकायला वापरतात, तुमचे यजमान तसं करतात असं मी म्हणत नाही, पण विचारून पाहायला हरकत नाही. बायबलमधल्या मूल नसलेल्या हन्नाचा नवरा एलकाना चांगला माणूस होता. मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही का, असं तो तिला म्हणाला. पण त्याला दुसऱ्या बायकोपासून, पनिन्नेपासून मुलं होती! तुमच्या यजमानांना ती सोय नाही. त्या दोन बाळांसाठी तेही रडले असतील, आणि तुमच्यासमोर रडले नसतील. एका संध्याकाळी उपचारांचा विषय बाजूला ठेवून फक्त त्या दोघांबद्दल बोला. तुम्ही लिहिलंय की त्यांची नावं तुम्ही मनात ठेवली आहेत आणि कुणाला सांगितलेली नाहीत. त्यांना सांगा.

मंडळीच्या बाबतीत मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही. हन्ना शिलोच्या मंदिरात ओठ हलवत रडत होती, तेव्हा एली याजकाला ती प्यायलेली वाटली. इतक्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस, आणि समोरच्या बाईचं दुःख त्याला नशा वाटलं. पण तिनं समजावलं तेव्हा त्यानं लगेच शब्द मागे घेतले आणि तिला शांतीनं जायला सांगितलं. पाळकसाहेबांना अशी एक संधी द्यायला हरकत नाही. यजमानांना घेऊन जा आणि दोन गोष्टी मागा: व्यासपीठावरून आमचं नाव घेऊन मुलासाठी प्रार्थना नको, आणि मातृदिनाला सगळ्या आयांना उभं करून गुलाब देता, त्या दिवशी आम्ही आलो नाही तर घरी विचारायला कुणी येऊ नये. यापेक्षा मोठं काही मागू नका. ‘इश्माएल’वर वाद घातलात तर तो वर्षभर चालेल.

प्रार्थना करवत नाही, असं तुम्ही अपराध्यासारखं लिहिलंय. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढा. चारदा ‘कोठवर’ विचारतं. ते शेवटी सावरतं, म्हणून आपण वाचतो. मग अठ्ठ्याऐंशीवं काढा. ते सावरत नाही, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. देवावर रागावलेली माणसं या पुस्तकातून कुणी काढून टाकली नाहीत. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर रोज रात्री त्याचंच एक वचन मोठ्यानं वाचा आणि झोपा. काही दिवस तेही जमलं नाही तर ज्या मैत्रिणीबद्दल तुम्ही लिहिलंत, तिला सांगा की माझ्या वाटची प्रार्थना तू कर. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर मैत्रीण पुरणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, आणि ताबडतोब.

एक गोष्ट मी टाळू शकत होते, पण टाळणार नाही. मूल होणारच नाही, असंही होऊ शकतं. साक्ष देण्याच्या संध्याकाळी बाळ कडेवर घेतलेली बाई उभी राहते. ज्यांना झालं नाही त्यांना माईक कुणी देत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना शेवटी मिळतं. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासू माणसांची मोठी यादी देतो आणि मग सरळ सांगतो की यांना वचनफल मिळालं नाही. तुमच्या मंडळीत मागच्या बाकांवर साठीचं एखादं बिनमुलाचं जोडपं नक्की असेल. त्यांच्या घरी चहाला जा. उपदेश ऐकायला नाही, ती दोघं कशी जगली ते बघायला.

दत्तकाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘आपल्यात कायद्यानं होत नाही ना?’ होतं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही, त्यामुळे पूर्वी १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. ही गोष्ट अजून लोकांच्या डोक्यात आहे. बाल न्याय कायद्यानं ती बदलली. २०१५ च्या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेता येतं, वारसाहक्कासकट. नोंदणी ‘कारा’च्या म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते, लग्नाला दोन वर्षं झालेली लागतात, आणि आता अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. तुमची आज ७५ आहे आणि दरवर्षी दोननं वाढते. तिथेही रांग काही वर्षांची आहे, हे धरून चला. दत्तक घेतलं की स्वतःचं होतं, या समजुतीला काही आधार नाही, त्या हेतूनं तर मुळीच जाऊ नका. फारोच्या मुलीनं मोशेला आणि मर्दखयानं एस्तेरला वाढवलं, ते पुढच्या कशाची तरी तयारी म्हणून नव्हे.

तर थांबू की पुढे जाऊ? तुमच्या जागी मी असते तर आयव्हीएफची तारीख आत्ता घेतली नसती आणि गप्पही बसले नसते. आधी दोघांच्या राहिलेल्या तपासण्या, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, हे येत्या दोन-तीन महिन्यांत. मग एका कागदावर दोघांनी मिळून लिहायचं: आणखी किती वेळा प्रयत्न, किती रुपयांपर्यंत, कुठल्या महिन्यापर्यंत. कर्ज काढायचं नाही, तुमचे दागिने मोडायचे नाहीत, असं ठरलं तर तेही लिहा. हा कागद उपचार सुरू होण्याआधी लिहायचा, कारण एकदा इंजेक्शनं सुरू झाली की ‘आणखी एकदाच’ म्हणायचा मोह आवरत नाही. निर्णय झाला की पाळकसाहेबांना सांगा आणि त्यांचा आशीर्वाद मागा. परवानगी मागायची गरज नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांचा शुक्रवारचा उपास प्रेमापोटी आहे असं तुम्हीच लिहिलंय, तर तो त्यांना खुशाल करू द्या. तुमचा मात्र बंद. डॉक्टरांनी जेवायला सांगितलंय म्हणा, आणि पुढच्या भेटीला त्यांना सोबत नेऊन ते वाक्य डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.